घरातलीच मुलगी

३ ऑगस्ट, रविवार

आज बाबांबरोबर राहायची जागा बघायला गेले. वसतिगृहाला उद्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे, म्हणून ही धावपळ. आमच्या घरातून शिकायला बाहेर राहिलेलं कुणीच नाही, त्यामुळे जागा बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. बाबा शाळेची बस चालवतात. ते प्रत्येक ठिकाणी आधी गाडी कुठे वळेल ते बघत होते.

पहिल्यांदा वसतिगृह. एका खोलीत तीन खाटा, भिंतीला ओल, नळाखाली बादल्यांची रांग. माझ्या वाट्याच्या खोलीत एक मुलगी आधीच येऊन खिडकीजवळची खाट अडवून बसली होती. आम्ही दारात उभे राहिल्यापासून निघेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालूच. पाणी कधी जातं, वॉर्डनबाई कुणावर डाफरतात, मधल्या खाटेचा कुठला पाय लंगडा आहे. जिना उतरताना बाबा म्हणाले, "ही पोरगी आहे का रेडिओ?" मग मीही मनात तिचं नाव रेडिओच ठेवलं.

नंतर एका एजंटने फ्लॅट दाखवला. दोन खोल्यांत सहा मुली, एका कपाटाला दारच नाही. "एकदम होमली आहे काका," एजंट म्हणाला. "दार कुठंय?" बाबांनी विचारलं. "होमली म्हटल्यावर दार कशाला?" तो म्हणाला. आम्ही निघालो.

तिसरी जागा मॅडमची. पत्ता विद्यापीठातल्या माझ्या विभागाच्या क्लार्कने दिला होता. मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांचे यजमान, सर, विद्यापीठातच शिकवत असत. काही वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगी परदेशात असते, तिची खोली रिकामी आहे. त्या खोलीत रुंद टेबल, खिडकीबाहेर झाडं, भिंतभर पुस्तकं. मला दारातच रडू येईल असं वाटलं. मी आजवर टेबलाशी बसून अभ्यास केलेला नाही.

चहा झाल्यावर मी सवयीने कप उचलले आणि विसळून आले. येताना सरांच्या हनुवटीवरून चहा ओघळलेला दिसला, तोही पुसला. दुसऱ्याच्या घरी हातावर हात ठेवून बसू नये असं आईने लहानपणापासून शिकवलंय. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "सकाळपासून किती मुली येऊन गेल्या. एकीला हे सुचलं नाही." मग त्यांनी विचारलं, आई काय करते. मी लपवलं नाही. चार घरची धुणीभांडी करते, म्हणून सांगितलं.

"म्हणजे तुला कामाची लाज नाही," मॅडम म्हणाल्या. "अगं, हे फार मोठं शिक्षण आहे."

बाबांनी भाड्याचा विषय काढला तर त्यांनी हात जोडले. "भाडं कसलं घेऊन बसलात? मुलगी घरात वावरली की आम्हा म्हाताऱ्यांना बरं वाटतं. घरातलीच समजून राहू दे." बाबांचे डोळे भरून आले. बसमध्ये ते एकच वाक्य बोलले, "देवमाणसं आहेत."

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्यांच्याकडे कामाला बाई आहे का?" मला हसू आलं. आईला कुठेही गेलं तरी कामच दिसतं.

४ ऑगस्ट

वसतिगृहाची जागा सोडल्याचं लिहून दिलं. ऑफिसबाहेर रेडिओ भेटली. "अगं, मी तुझ्यासाठी मधली खाट राखून ठेवलीय, लंगड्या पायाखाली वीटसुद्धा घातली! आता त्या विटेचं काय करू?" मी तिला मॅडमबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "फुकट? फुकटात तर मला माझ्या मावशीनेही ठेवलं नाही."

काही लोकांना चांगुलपणावर विश्वासच ठेवता येत नाही. त्यांचा दोष नाही, तसा अनुभव नसतो.

१० ऑगस्ट

राहायला आले. टेबलावर पुस्तकं मांडली, काढली, पुन्हा मांडली. रसायनशास्त्राचं एम.एस्सी. आणि मग शिकवायचं, हे ठरलेलं आहे. आमच्या वस्तीतल्या शाळेत एकही प्रयोगशाळा नाही, परीक्षानळी आम्ही फक्त चित्रात पाहिली होती. ते मला बदलायचं आहे. मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "अशी मुलगी आमच्या पोटी का नाही आली," म्हणाल्या. त्यांची मुलगी फोनही करत नाही म्हणे.

१९ ऑगस्ट

प्रॅक्टिकल रोज सकाळी आठला. त्याआधी मॅडमना चहा, सरांना खाणं. मी स्वतःच म्हटलं की भरवते, कारण मॅडमचं मनगट दुखतं.

सरांच्या अंघोळीला एक गृहस्थ येतात. मी त्यांना काका म्हणते. आले की दारातूनच हाक घालतात, "चला साहेब, लेक्चरची वेळ झाली! पोरं खोळंबलीत!" मग दोघांचं आत काय चालतं कोण जाणे, पण सरांचं हसू बाहेर ऐकू येतं. अर्ध्याच तोंडाचं हसू, तरी हसू. एरवी ते हसत नाहीत.

एक गंमत. मी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून भरवलं की सर गुपचूप खातात. आज पुस्तक बाजूला ठेवून नीट लक्ष देऊन भरवायला बसले तर तोंड घट्ट मिटून घेतलं. आजारी माणसांचं काही सांगता येत नाही.

४ सप्टेंबर

भांडी घासणाऱ्या बाईंना मॅडमनी बंद केलं. म्हणाल्या, "सारख्या दांड्या. आणि माणसं तीन, भांडी ती काय?" खरंच आहे. मी कॉलेजला जाण्याआधी आवरून जाते. आईचा हात आहे माझ्या अंगात, पटापट होतं.

प्रॅक्टिकलला पोहोचायला थोडा उशीर झाला. दार बंद झालं होतं. उद्या लवकर उठायचं.

१६ सप्टेंबर

काका यायचे बंद झाले. मॅडम म्हणाल्या, "हल्ली माणसं टिकत नाहीत. आपलेपणा कुठे उरलाय?" दोन दिवस सरांची अंघोळच नव्हती. त्यांच्या अंगाला वास यायला लागला आणि मॅडम खुर्चीत बसून रडायला लागल्या. मला बघवेना. मी म्हटलं, मी करते.

आज केली. वैद्यकीय कॉलेजातल्या मुली रोज हे करतात, नर्स करतात, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, असं मी स्वतःला सांगत होते. सरांनी डावा हात टॉवेलवर असा आवळून धरला होता की मला बोटं एकेक करून सोडवावी लागली. सगळं होईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बहुधा साबण गेला असावा.

२१ सप्टेंबर

औषधं आणायला गेले होते, तर हॉस्पिटलच्या फाटकाजवळ काका दिसले. तिथे त्यांच्यासारखी दोन-चार माणसं बसून असतात, रुग्ण न्यायला आलेल्यांना विचारतात, माणूस हवाय का म्हणून.

"काका, न सांगता सोडून गेलात ते? सर वाट बघतात."

"मी सोडलं का, ताई? मला काढलं."

"मॅडम म्हणाल्या तुम्ही सोडलं."

ते हसले. "म्हणाल्या, आता घरातच मुलगी आहे. म्हटलं, बरं झालं बाबा, मुलगी आली परदेशातून." मग माझ्याकडे बघता बघता त्यांचं हसू गेलं. "म्हणजे तुम्हीच होय?"

मी औषधांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी विचारलं, "साहेब हसतात का?" मी म्हटलं, हसतात.

काहीतरी गैरसमज झाला असणार. मॅडम उगीच कुणाच्या पोटावर पाय देणाऱ्या नाहीत. त्यांना विचारायचं मनात होतं, पण आज त्यांचं डोकं दुखत होतं.

२८ सप्टेंबर

रेडिओ आली होती. मॅडमना तिचा आवाज सोसत नाही, म्हणून आम्ही फाटकाबाहेर उभं राहून बोललो. तिने माझ्यासाठी प्रयोगांच्या नोंदी उतरवून आणल्या होत्या. तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ.

"तुझी हजेरी किती भरलीय, माहितेय का?"

"भरून काढीन."

"हजेरी म्हणजे खड्डा आहे का, नंतर माती टाकून भरायला? प्रॅक्टिकलचे सर विचारत होते, ती हुशार मुलगी कुठे गेली म्हणून. मी सांगितलं, लग्न झालं तिचं."

"काय?"

"मग काय सांगू? सासरी असल्यासारखीच राहतेस की. बाहेर उभी राहून बोलतेस, सारखी आत बघतेस."

मला राग आला. मी म्हटलं, तुला सेवा म्हणजे काय ते कळायचं नाही. ती चक्क गप्प बसली. मग म्हणाली, आमच्या खोलीतली तिसरी मुलगी कॉलेज सोडून चाललीय, ऑक्टोबरच्या मध्याला खाट रिकामी होते. वॉर्डनबाईंना तिने माझ्याबद्दल सांगूनही ठेवलंय. "त्यांना चॉकलेट दिलं मी. मधुमेह आहे त्यांना, हे नंतर कळलं. तरी घेतलं."

विचार करीन म्हटलं.

६ ऑक्टोबर

माझी गादी सरांच्या खोलीत हलवली. त्यांना केव्हाही काही लागतं, आणि हाका मारता येत नाहीत. टेबल आहेच, दिवसा बसता येईल. मॅडम म्हणाल्या, "तुला मोकळं वाटेल ना? नाहीतर स्पष्ट सांग. मी काही तुझ्यावर लादत नाही." इतकं विचारणारं माणूस असल्यावर नाही कसं म्हणणार?

माझं काय चुकतंय ते कळत नाही. वर्गात बसले की डोळे मिटतात. आज कार्बनच्या बंधांवर शिकवत होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं की चादर वाळली असेल का.

वसतिगृहाबद्दल मॅडमना सांगितलं. त्या रात्री जेवल्या नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आई आली होती. मीच तिला फोनवर खाटेबद्दल बोलले होते, म्हणून ठरवायला आली. चारही घरी रजा सांगून आली, म्हणजे चारही घरची बोलणी खाऊन आली.

मॅडमनी तिचं छान स्वागत केलं. "या ना, खुर्चीवर बसा. काय वळण लावलंयत हो मुलीला! हे सगळं तुमच्याकडूनच आलंय." आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. ती हसली नाही. तिची नजर घरभर फिरत होती. नव्या घरी काम धरताना ती अशीच बघते. फरशी, ओटा, दोरीवरच्या चादरी, दोरीवरचे सरांचे कपडे.

"तुझी खोली दाखव," ती मला म्हणाली.

मी तिला सरांच्या खोलीत नेलं. खाटेच्या पायथ्याशी माझी गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"ही त्यांची खोली."

"हो. त्यांना केव्हाही काही लागतं ना."

"आणि ते टेबल? बाबा सांगत होते ते?"

"आहे की त्या खोलीत. दिवसा बसते मी."

"आज बसली होतीस?"

"आज रविवार आहे, आई."

"काल?"

मी गादीची गुंडाळी भिंतीकडे सरकवली. सर आईकडे बघत होते. आईने त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी डावा हात वर केला आणि दाराकडे नेला, पुन्हा वर केला आणि पुन्हा दाराकडे नेला. मला वाटलं त्यांना बाहेर बसायचंय. मी उशा सारख्या करायला लागले तर आई म्हणाली, "राहू दे. मला कळलं ते काय म्हणतायत."

स्वयंपाकघरात तिने माझा हात धरून उलटा केला. साबणाने बोटांची टोकं फाटली आहेत. तिने आपला हात त्याच्या शेजारी धरला. "बघ," म्हणाली, "बहिणी-बहिणी दिसतात."

"काहीतरीच काय."

"मला चार घरी बाई म्हणतात. एक तारखेला पगार देतात आणि कमी दिला तर मी भांडते. तुला इथे काय म्हणतात?"

"मुलगी म्हणतात."

"म्हणजे फुकट."

मला इतकं वाईट वाटलं. मी म्हटलं, "आई, प्रत्येक गोष्ट पैशात मोजायची नसते."

"मला मोजताच येत नाही गं. येत असतं तर मी कशाला तुला शिकायला पाठवलं असतं? आमच्या घरात एकीने शिकावं म्हणून मी दुसऱ्यांची घरं पुसली. आता तू शिकायला येऊन घर पुसतेस. मग मी काय वाईट होते? मला तरी सुट्टी असते." ती हळू आवाजात बोलत होती, पण भांडी लावता लावता. तिलाही रिकामं उभं राहता येत नाही. "ती खाट रिकामी होतेय ना? चल. पिशवी भर."

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. किती ऐकलं कोण जाणे. म्हणाल्या, "आज लगेच? सरांना ताप आहे हो."

"ताप उतरेपर्यंत मी थांबते," आई म्हणाली. "मला येतं हे काम. ती जाऊ दे."

"छे, छे, तुम्ही पाहुण्या. आणि त्यांना तिचीच सवय झालीय आता." मॅडमचा आवाज कापत होता. "मी काही तिला बांधून ठेवलेलं नाही. तिलाच विचारा."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, ताप उतरला की जाईन. चार दिवसांचा प्रश्न आहे.

आईने ओटा पुसून फडकं वाळत घातलं, मॅडमना नमस्कार केला आणि निघाली. मी फाटकापर्यंत गेले. तिने वळून बघितलं नाही.

आईला माणसांचं प्रेम कळत नाही असं नाही. पण तिने आयुष्यभर मालक आणि नोकर एवढंच पाहिलंय. मला तिची कीव आली, हे लिहितानाही लाज वाटते.

१६ ऑक्टोबर

ताप उतरला नाही. खाट दुसरीला दिली. रेडिओचा फोन आला, ती म्हणाली, "मी वॉर्डनबाईंपुढे रडले, खरंखुरं रडले, मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पण त्या म्हणाल्या, मुलगी कुठंय?"

२ नोव्हेंबर

घरी फोन केला की बाबाच बोलतात. "आई कामावर आहे." रविवारीही कामावर. बाबांनी विचारलं, "तू बरी आहेस ना? मॅडम बऱ्या आहेत ना?" आधी माझं विचारलं, याचंच आज किती बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर

परीक्षेला बसता येणार नाही. हजेरी कमी पडली. विभागप्रमुख म्हणाले, "तुमच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर मी तपासला होता. म्हणून जास्त राग येतो." मी त्यांना सरांच्या आजारपणाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सर तुमचे कोण?" मी सांगत होते, सांगत होते, आणि माझ्या लक्षात आलं की ते अजून त्याच प्रश्नाचं उत्तर ऐकायला थांबले आहेत.

मॅडमनी जवळ घेतलं. म्हणाल्या, "या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. विद्यापीठ कुठे पळून चाललंय? मी बोलते कुणाशी तरी." मग थोड्या वेळाने, "एका परीने बरंच झालं. तुझी ही सकाळची धावपळ तरी थांबेल."

घरी कळवलेलं नाही. घरातली पहिली पदवीधर, आता एम.एस्सी. होणार, म्हणून बाबांनी सगळ्या ड्रायव्हर लोकांना माझं सांगून ठेवलंय.

२४ नोव्हेंबर

मॅडमनी विचारलं, ती खोली रिकामीच पडून असते, दुसरी एखादी मुलगी ठेवली तर? मला सोबत होईल. "आणि तुझ्या हाताखाली तयार होईल," असं त्या म्हणाल्या. मी टेबलावरची माझी पुस्तकं काढून सरांच्या कपाटाखाली ठेवली. बसतच नव्हते तिथे.

आज दिवसभर सरांनी काही खाल्लं नाही. तोंडच उघडत नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवार

आज खोली बघायला एक मुलगी आणि तिचे वडील आले होते. मुलगी दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आली आहे, उद्यापासून वर्ग. वडील शिवणकाम करत असावेत, शर्टाच्या कॉलरला दोन टाचण्या टोचलेल्या तशाच राहिल्या होत्या. बैठकीत मॅडमनी त्यांना चहा दिला. भाड्याचं नंतर बघू, आधी मुलगी रुळू दे, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू दाखव गं खोली. मुलीला मुलीनेच दाखवलेली बरी वाटते."

मी दाखवली. ती मुलगी टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिली. टेबल विकत घ्यायला आल्यासारखी खालून वाकूनही बघितलं तिने. वडील दारातच उभे होते. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ताई, तुम्ही इथेच राहता ना? मग सांगा. अभ्यास होतो ना इथे नीट?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. घर शांत आहे, माणसं शिकलेली आहेत, खिडकीतून उजेड येतो. सगळं खरं होतं. आणि मला एकदम आठवेना की मी शेवटचं पान कधी वाचलं.

"वसतिगृहाचं ऑफिस पाचला बंद होतं," मी म्हटलं. "बदलीच्या मुलींसाठी आज रविवारी मुद्दाम उघडं ठेवलंय. आत्ता निघालात तर सापडेल."

ते गोंधळले. "पण हे बरं आहे की. अगदी घरच्यासारखं."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यांना रस्ता माहीत नव्हता. कोपऱ्यापर्यंत सोडून परत यायचं ठरवून निघाले आणि ऑफिसपर्यंत गेले. पायांत घरातल्याच चपला होत्या. मुलगी वाटेत म्हणाली, "तिथे खूप गोंगाट असतो ना?" मी म्हटलं, "खूप. एक मुलगी तर रेडिओ आहे. तिच्याशी मैत्री कर." तिला जागा मिळाली, तळमजल्यावर, नळाशेजारी. वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

जिन्यात रेडिओ भेटली. तिने त्या मुलीकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं.

"आणि तू?"

"सरांची खाण्याची वेळ झालीय," मी म्हटलं आणि निघाले.

मॅडम दारातच उभ्या होत्या. "काम टाकून कुठे गेली होतीस? सर कधीचे ओले पडलेत."

काम. इतक्या महिन्यांत हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधीच वापरला नव्हता. मदत म्हणायच्या, हातभार म्हणायच्या. मी विचारलं, "मग पगार काय आहे, मॅडम?"

मला उद्धट व्हायचं नव्हतं. मला खरंच ऐकायचं होतं. पण आवाज आईचा निघाला.

त्या रागावल्या नाहीत. हळूच खुर्चीत बसल्या. फार थकलेल्या दिसल्या, मला पुन्हा त्यांची दया आली. "आधीचीसुद्धा शेवटी हेच विचारून गेली," म्हणाल्या.

आधी कुणी होती हे मला माहीत नव्हतं.

सरांचे कपडे बदलले, चादर बदलली, ओली चादर भिजत घातली. तेवढं करायलाच हवं होतं. मग पिशवी काढली. भरायला फारसं काही निघालं नाही, पुस्तकंच जड. मॅडम येऊन दाराच्या चौकटीला टेकल्या.

"उद्या सकाळचं त्यांचं कोण करणार?"

"काकांना बोलवा. ते हॉस्पिटलच्या फाटकाशी असतात. लगेच येतील."

"तो पैसे मागतो गं," मॅडम म्हणाल्या. अगदी साधेपणाने म्हणाल्या, जसं काही यावर मीच काहीतरी मार्ग काढून देणार आहे.

आणि मी खरोखरच मार्ग शोधत बसले. पिशवी भरलेली, आणि मी गादीवर बसून विचार करते आहे की निदान अंघोळीपुरतं सकाळी येऊन जाता येईल का. घरी जायचं आहे, एक वर्ष बुडाल्याचं सांगायचं आहे, आईला तोंड दाखवायचं आहे, ते सगळं सोडून हा विचार. हे लिहायला घेतलं तेही त्यासाठीच, म्हणजे उठायला नको.

सर जागे आहेत. माझ्याकडे बघत नाहीत, पिशवीकडे बघतायत. मघाशी मी तिचा बंद आवळला, तेव्हा त्यांनी भांड्यातलं पाणी स्वतःच्या डाव्या हाताने प्यायलं. बरंचसं सांडलं. मी पुसायला उठले तर त्यांनी माझा हात ढकलून दिला.

सांडलेलं तसंच आहे. जाते.